दार क्रमांक तीन

मशीन म्हणालं, ओळख पटली नाही.
सुगंधा मगदूम यांनी अंगठा पदराला पुसला, परत ठेवला.
ओळख पटली नाही.
तिसऱ्यांदा मीच तो हातात घेऊन उजेडाकडे वळवला:
रेषाच नव्हत्या.
बावीस वर्षं हळकुंडं घासून, चाळून, निवडून
नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत,
आणि पिवळा, कुठल्याच साबणाला न जुमानणारा.

सांगलीच्या मार्केट यार्डातलं आमचं गोदाम.
मार्च. बाहेर सौद्यांचा कालवा,
आत मी, एक लॅपटॉप, चौदा नावं, सात दारं.
तू कोण, हे आधी विचारायचं.
तू कुठवर जायचं, हे नंतर ठरवायचं.
दोन प्रश्न वेगळे आहेत, असं मी प्रत्येकाला सांगते.
सगळे मान डोलावतात
आणि एकच समजतात.

दिवाणजी बिरनाळेंचा पासवर्ड कॅलेंडरच्या मागं, पेन्सिलीनं.
काट्यावरच्या इर्शादचा म्हणजे त्याच्या गाडीचा नंबर,
जो अख्ख्या यार्डाला पाठ आहे.
मालक म्हणाले, तूच ठेव गं काहीतरी,
आणि लागेल तेव्हा मला सांगत जा.

मावशी, अंगठा राहू दे, मी म्हटलं,
चार आकडे ठरवा. मला सांगा, मी भरते.
"तुला का सांगू?"
मी हसले. त्या हसल्या नाहीत.
"भिंतीकडं तोंड कर."

केलं.
भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ, माझ्या खांद्याइतकी.
पाठीमागं चार टिचक्या.
थोडं थांबून पुन्हा त्याच चार.

मग हात झटकत म्हणाल्या,
आमचे आप्पा दलालाकडं होते.
रुमालाखाली बोटं धरायची, दाबायची, सोडायची,
आन् वर त्वांड असं, जसं काय पावसापाण्याचं चाललंय.
रात्री जेवताना आई विचारायची, आज भाव काय फुटला?
आप्पा म्हणायचे, आमटी खारट झालीया.

मी त्यांच्या नावासमोर एक खूण केली:
दार क्रमांक तीन, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा.
"एकच?"
जेवढं काम, तेवढंच दार.
माझं हे वाक्य पुस्तकातलं, मी ते ऐटीत म्हणते.
"बराबर हाय." मग जराशानं,
"तुला किती उघडत्यात?"
सात.
"सातांत काम हाय व्हय तुझं?"

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी माझ्या नावासमोरच्या सहा खुणा काढल्या.
एक ठेवली, सर्व्हरच्या खोलीची.
हात अडला जरा. खोटं कशाला सांगू,
तिसऱ्या खुणेपाशी उठून पाणी पिऊन आले.

चार दिवसांनी तीन नंबरपुढून जाताना थबकले.
कीपॅडवर चार बटणं पिवळीधमक.
कुठली, ते इथं लिहीत नाही.
आकडे कळले की उरतात चोवीसच क्रम;
कुणीही चहा निवायच्या आत लावून बघेल.
शेडकडे गेले खरी, पण कसं सांगायचं
की मावशी, तोंड मिटून ठेवलंत
आणि हातांनी चहाडी केली?
सांगितलं.
त्या चाळणीवर वाकलेल्या, वाकलेल्याच राहिल्या.

दुसऱ्या सकाळी नोंद:
आठ वाजून तीन मिनिटं, मगदूम, प्रवेश.
खाली उतरून पाहिलं,
तर शून्यापासून नवापर्यंत
दहाही आकड्यांना हळद लागलेली,
बोटभर, सारखी, कडेपर्यंत नीट.
"चौघांनाच कशाला," मागून आवाज आला,
"लगीन घर सगळ्यांचं."

मला आतलं तापमान बघायचं होतं.
माझं कार्ड आता तिथं चालत नाही.
त्या पुढं झाल्या, बोट उचललं,
आणि थांबल्या, माझ्याकडे बघत.

मी भिंतीकडं तोंड केलं.