शाळेच्या फरशीवर

एप्रिलात नाथसागर उतरतो
तेव्हा जुन्या गावची शाळा वर येते.
म्हणजे फरशी, एक पायरी,
आणि झेंड्याच्या खांबाचं भोक.

फरशीवर साचलेल्या चिमूटभर वाळूत
सुरयीची तीन अंडी.
खड्यांच्या रंगाची, ठिपक्यांची,
पाय पडेपर्यंत दिसत नाहीत.

धुराजी भोई वल्हं आडवं धरतो.
"लांबूनच बघा. डोक्यात चोच घालती ती."

समुद्राकडच्या गोताची ही.
तीच कात्रीसारखी शेपटी, काळी टोपी,
तीच कर्कश हाक.
पण समुद्र हिनं पाहिलेला नाही.
धुराजीनंही नाही.

नर येतो, चोचीत चिलापीचं पिल्लू आडवं.
देतो, आणि मागे सरकून उभा राहतो
नव्या जावयासारखा.

दुपारी बेचाळीस.
ती उठते, पाण्याला पोट घासते,
ओलं पोट अंड्यांवर आणून टेकते.
पुन्हा जाते. पुन्हा.
सतरा खेपांपर्यंत मी वहीत रेघा ओढल्या,
मग पेन खिशात ठेवलं.

वरच्या धरणातून पाणी सुटलं तर?

धुराजी बिडी विझवतो,
उरलेली अर्धी कानावर खोचतो.
"मागल्या साली सुटलं की.
दीसभर वरडत फिरली, हितंच, पाण्यावर.
दुसऱ्या दिशी मासे धरीत व्हती."

होडी वळवताना,
फरशीकडे न बघता:
"मी चौथीत व्हतो,
पाणी आलं तवा."