पुस्तकी किंमत

वरून आलेल्या नमुन्यात बावीस रकाने आहेत.
मालमत्तेचा प्रकार, बांधकामाचं वर्ष, अपेक्षित आयुर्मान,
सद्यस्थिती: उत्तम, बरी, वाईट. यांपैकी एकच.
आमच्या नगरपंचायतीत यांपैकी एकच असं
काहीच नाही.

मी कंत्राटी, अकरा महिन्यांची.
फोनमध्ये अक्षांश-रेखांश, खांद्याला टेप,
आणि पुढे सगुण कुबल, व्हॉल्वमन,
निवृत्तीला एकोणीस दिवस बाकी,
सायकलच्या दांड्याला सुतळीने बांधलेली
छातीएवढी लोखंडी चावी.

दिव्याचे खांब आधी केले. ते सोपे.
गंज त्यांना नेहमी समुद्राच्या अंगाने खातो,
लाइट गेली तर खांब चाचपून पश्चिम कळते.
चारशे सतरा. त्यांतले सहा
रजिस्टरात आहेत, जमिनीवर नाहीत.
दोन जमिनीवर आहेत, पेटतातही,
आणि कुणी कधी बसवलेले नाहीत.

मासळी बाजारात सुलभा तांडेल
पाटावरून मान वर न करता म्हणाली,
"फरशी घसरता, ता खंय लिवतलंस?"
मी लिहिलं: बरी.

गवंडीवाड्याचा साकव. चिऱ्याचे दोन खांब, वर स्लॅब.
आयुर्मान तीस वर्षं, वय सत्तेचाळीस.
घसारा वजा जाता पुस्तकी किंमत एक रुपया.
शून्य लिहू नका, लेखापाल म्हणाले,
शून्य म्हणजे वस्तूच नाही.
त्या एका रुपयावरून सकाळी शाळेची पोरं गेली,
सुक्या बांगड्यांची टोपली गेली, मागून कुत्रा,
मग पोस्टमन, स्कूटरवरून उतरून
तिला हाताला धरून नेल्यासारखा.
सद्यस्थितीचा तेवढाच पुरावा मला मिळाला.

पाइप मात्र दिसत नाहीत.
सगुणकाका डांबरावर टाच आपटतात:
"हंयसर एक आसा. रस्तो तीनदा वर इलो,
ह्यो खालीच रवलो."
तीन डांबरीकरणं, तीन बिलं, तिन्ही मंजूर.
पहाटे पावणेचारला त्यांनी सळई जमिनीला टेकवली,
दुसरं टोक स्वतःच्या कानाला, मग माझ्या.
आधी माझाच श्वास.
मग खूप खालून,
तापल्या तव्यावर कुणी पाणी शिंपडावं तसं.
"गळता. चार वर्सां झाली.
पण थंय हात लावलंस तर वरचो फुटतलो."

शेऱ्याचा रकाना पन्नास अक्षरं घेतो.
मी टाइप केलं:
व्हॉल्व क्रमांक १४ उलटा फिरतो घाईत पूर्ण बंद करू न
आणि तो तिथे थांबला.
घाईत पूर्ण बंद करू न.
जणू काही कर, असंच म्हणतोय.

म्हणून मी चौदा-अ नावाचा व्हॉल्व काढला,
जो कुठेही नाही. त्याच्या शेऱ्यात: नका.
चौदा-ब मध्ये का ते.
चौदा-क मध्ये तांडेलवाडीला पाणी चढायला
भंडारवाडा किती मिनिटं उपाशी ठेवायचा.
सगुणकाका बोलत गेले, चहा निवत गेला,
मी व्हॉल्व जन्माला घालत गेले.
रजिस्टरात आता एकतीस जास्त आहेत,
सगळे उत्तम स्थितीत.
लेखापरीक्षण जूनमध्ये. माझं कंत्राट मेपर्यंत.

निरोपाला शाल, श्रीफळ, अध्यक्षांचं भाषण,
त्यात पाणी हा शब्द एकदाही नाही.
चावी त्यांनी माझ्या टेबलाला टेकवून ठेवली.
ती नगरपंचायतीची नाहीच,
नव्वद साली मेस्त्रीकडून स्वतःच्या पैशाने घडवलेली,
मूठ झिजून त्यांच्या हाताची झालेली.
कुठल्या रकान्यात, मी विचारलं.
ते सायकलवर बसले. सायकल हलकी झाल्यामुळे
जरा डगमगली.

दुसऱ्या दिवशी पहाटे चार.
झाकण सरकवलं, चावी बसवली.
उलट. सावकाश.
अकरा फेरे झाले.
बाराव्याला काय,
ते विचारायचं राहिलं.