उणे एकशे पंचवीस

चेस्का लीपाच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर,
सहा नंबरच्या खाटेवर व्हेन्देलीन कोझाक.
वय एकाहत्तर, साखर जास्त, पोट घागरीएवढं.
त्रेचाळीस वर्षं नोवी बोरला काच फुंकली;
आता गालांची कातडी लोंबते
रिकाम्या पिशवीसारखी.

आतड्यातली गाठ काढली. बेंबीला वळसा घालून
वरून खाली वीतभर टाके.
जखम चांगली होती. म्हणजे अजून बिघडली नव्हती.
डॉक्टर श्तेफ्कोवा म्हणाल्या, "बिघडायची वाट कशाला बघायची?"
आणि मिटलेल्या टाक्यांवरच फोमची पट्टी बसवली,
वर पारदर्शक पापुद्रा, पापुद्र्यातून नळी,
नळीच्या टोकाला यंत्र, जेवणाच्या डब्याएवढं,
मधूनच घुर्र करणारं, पुन्हा गप्प.
पडद्यावर आकडा: उणे एकशे पंचवीस.
फोम आक्रसला,
द्राक्षाचा मनुका व्हावा तसा.

"हे काय करतं?"
ओढतं, मी म्हटलं. हवा ओढतं,
साचू पाहणारं पाणी ओढतं,
दोन्ही कडा एकमेकींना धरून ठेवतं. सात दिवस.
"म्हणजे उलटी फुंकर."
तो हसला, टाके दुखले,
हसणं अर्ध्यावर सोडून दिलं.

तो मला बोझेनका म्हणतो.
माझं नाव बिक् न्गान. आईबापांचं दुकान स्टेशनसमोर,
त्यांनीही गिऱ्हाइकांना सोपी नावं सांगितलेली.
मी दुरुस्त करत नाही.
रात्रपाळीत माणसं पावलांवरूनच ओळखतात.

तिसऱ्या रात्री त्याला झोप नव्हती.
काच फुंकून झाली की काम संपत नाही, पोरी.
तिला मंद भट्टीत ठेवायचं, रात्रभर, कधी दोन रात्री,
हळूहळू निववायचं.
घाई केली तर दिसायला अख्खी;
टेबलावर ठेवली, पाहुण्यांनी वाहवा केली,
आणि चौथ्या दिवशी, कुणी हातही न लावता, तडकते.
"ताण आत राहतो. डोळ्याला दिसत नाही."
मग भिंतीकडे बघत:
"मिलुशचं पोट असंच उकललं. नवव्या दिवशी.
घरी आणली होती. केक कापत होती."
पुढचं मी विचारलं नाही.
तेव्हा हे यंत्र नव्हतं. असतं तर?
कुणास ठाऊक. सगळ्या जखमा ऐकतातच असं नाही.

चौथ्या रात्री, पावणेतीनला, ते किंचाळलं.
गळती. आकडा घसरत चाललेला.
मी नळी पाहिली, जोड दाबले,
पापुद्र्याच्या कडेने बोट फिरवलं. काही नाही.
शेजारचा म्हातारा उशीत तोंड खुपसून शिव्या देत होता.
"आवाज बंद कर त्याचा," कोझाक म्हणाला. "दिवापण."
डोळे मिटले. श्वास धरला.
अंधारात दोघं एका छिद्राची वाट बघत होतो.
"डावीकडे. बेंबीखाली. घडीत, जिथे घाम येतो."
टॉर्च लावला:
पापुद्र्याला एक सुरकुती, केसाएवढी,
तिथून शीळ, सुईइतकी बारीक.
कातडी पुसली, कोरडी केली, वर दुसरा तुकडा चिकटवला.
फोम पुन्हा आवळला. उणे एकशे पंचवीस.
"बुडबुडा राहिला होता," तो पुटपुटला,
आणि घोरू लागला.

सातव्या दिवशी पट्टी काढली.
डबीत दोन चमचे फिकट गुलाबी पाणी.
रेघ कोरडी. लाली नाही, फुगवटा नाही.
डॉक्टर श्तेफ्कोवांनी कडेकडेने दाबून पाहिलं,
"हं" म्हणाल्या. त्यांचं "हं" म्हणजे पुष्कळ.
त्याला स्वतःला बघायचं होतं, पण पोट आडवं आलं.
मी आरसा धरला.
बराच वेळ बघत राहिला तो,
पेला उजेडासमोर फिरवून बघावा तसा:
कौतुक नाही, तपासणी.
"नवव्या दिवसापर्यंत थांबू," म्हणाला.

त्या दिवशी माझी सुट्टी होती.
मी आले.