रिकामं घर

गाडी आली ती नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात,
काराकोलचा चिखल रात्री गोठतो, दुपारी सुटतो, तेव्हा.
सत्त्याण्णव सालची जपानी स्टेशनवॅगन, उजवं स्टिअरिंग,
काचेवर अजून कुठल्याशा जपानी पार्किंगचा पास.
आयिमकान दाई म्हणाली, "चारही चाकं ओढतात असं सांगून गळ्यात मारली.
परवा घाटाच्या चढावर पुढची दोन नुसती गरगरली,
मागची बसून राहिली,
लग्नात रुसलेल्या व्याह्यासारखी.
वर एक बाई अडलेली होती.
मी पायी गेले."

गाडीचं आधी ऐकून घ्यायचं. पाना नंतर.
अंगणातल्या बर्फाच्या पट्ट्यावर घेतली:
पुढची चाकं फिरली, मागच्यांना पत्ताच नाही.
बायकोची शिवणाची टेप आणून चारही टायरांचा घेर मोजला
(तीन झिजलेले आणि एक कोरा असला
की गिअरबॉक्स आतल्या आत स्वतःशी भांडत बसतो).
इथे फरक नखाएवढाही नाही.
तेलाची पट्टी ओढली: काळपट, वास करपलेल्या कांद्याचा.
खाली लोळून मागचा शाफ्ट पाहिला. शाबूत.

मग बॉनेटखालचा फ्यूजचा डबा.

त्यात एक घर असतं, कायम रिकामं ठेवायचं.
तिथे फ्यूज खोचला की मागची चाकं मोकळी सुटतात.
ही सोय तपासणीपुरती, फार तर गॅरेजपर्यंत पोचण्यापुरती.
घर रिकामं नव्हतं.
निळा, पंधरा अँपियर,
पायांवर हिरवट बुरशी धरलेला.

असा फ्यूज बसला की डॅशवर एक दिवा लागतो.
तो लागत नव्हता, कारण बल्बच काढलेला.
सापडला डब्याच्या झाकणात,
वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळून वर काळी टेप,
आणि टेपचं टोक दुमडलेलं,
पुढच्या माणसाला नखाने धरता यावं म्हणून.

आमच्या गल्लीत टेपचं टोक दुमडणारा मी एकटा.

नझारकुल. सफरचंदं विकायचा.
सहा वर्षं झाली असतील, गाडीचा रंगही तेव्हा वेगळा होता.
वळताना अडखळते म्हणाला, पैसे नाहीत म्हणाला.
"वसंतापर्यंत चालव," मी म्हणालो.
दिवा डोळ्यात खुपतो म्हणाला, मी दिवा काढला.
वेळ मारून नेली.
वेळ कुठली मरते?
ती नव्या रंगात बाजारात उभी राहते,
कुणीतरी टायरला लाथ मारून बघतं आणि विकत घेतं.

फ्यूज उपटला. अंगणात स्टिअरिंग टोकापर्यंत पिळून वळवली:
धक्के. मागचा पाय दोरीत अडकलेल्या वासरासारखे.
म्हणजे दुखणं तेच, फक्त सहा वर्षांनी मोठं.

शाफ्ट उतरवला, गिअरबॉक्सचं शेपूट सोडवलं,
पुतण्या बायास्तान परात धरून, दोन्ही बाह्या तेलात.
सोलेनॉइडची कॉइल मीटरवर ठीक.
मग क्लचच्या पट्ट्या काढल्या आणि दिसलं:
ड्रमच्या दातांत खाचा पडलेल्या,
पट्ट्यांची टोकं त्यात रुतून बसायची,
सोड म्हटलं तरी सोडायची नाहीत.
नवा ड्रम बिश्केकहून यायला तीन आठवडे.
रात्रभर कानस. दात एकेक.
बायास्तान अकराला झोपला.
मी नंतर मोजणं सोडलं.

सकाळी दाई आली. "काय होतं?"
सांगता आलं असतं ड्रमचं, खाचांचं, तेलाचं. तेही खरंच होतं.
मी फ्यूज तिच्या हातावर ठेवला.
"हा. मीच बसवलेला."
तिने तो उजेडात धरून पाहिला,
मूल जन्मल्यावर बोटं मोजतात तसा.
मग पट्ट्यांचे आणि तेलाचे पैसे मोजून दिले,
मजुरीचं काही बोलली नाही. मीही नाही.
फ्यूज तिने कोटाच्या खिशात टाकला.

किल्ली फिरवली.
डॅशवर दिवा लागला, क्षणभर,
आणि विझला.
विझायलाच हवा.

फाटकाशी तिने पूर्ण वळण घेतलं, उगाचच, दोनदा.