एकशे बारा

मरोळच्या तळघरात, एसी गळतो म्हणून ठेवलेल्या बादलीशेजारी
मी एकशे बारावी काढली.
आधीच्या एकशे अकरा जणांना शिंगं, ज्वाळा, विजा वाटून झाल्या होत्या.
केयूर म्हणाला, आता एक रडकं पाखरू दे,
पहिल्याच जंगलात फुकट सापडणारं,
पोरं पकडतील आणि विसरतील असं.

माझ्या डोक्यात आत्याने सांगितलेली टिटवी,
रात्री पाय वर करून झोपणारी,
आभाळ कोसळलंच तर झेलावं म्हणून.
खरी टिटवी मी कधी पाहिली नव्हती.
हे ऑफिसात कुणाला बोलले नाही.

नाव ठेवलं टिटवंडी.
ताकद नऊ. वेग बरा. चोच बोथट.
हल्ला एकच: ओरडणे.
आणि एक खोड, जी कागदावर कुठेच नव्हती.
मिनिटभर कुणी स्क्रीनला बोट लावलं नाही
तर ती हळूच उताणी होते,
काडीसारखे दोन पाय वर,
एक डोळा उघडा.
सोळा चित्रं लागली. माझा एक शनिवार.

विसाव्या पातळीला तिची गगनटिट्टी होते,
सोनेरी तुरा, पंखात वादळ, ताकद एकशे चाळीस.
हिला तसं झोपवू नकोस, केयूर म्हणाला,
एवढा मोठा पक्षी काय असा लोळतो?
काढून टाकली सोळाच्या सोळा.

खेळ बरा चालला.
महिन्याच्या तक्त्यात टिटवंडी तळाला:
शंभरातले सत्त्याण्णव पहिल्याच दिवशी तिला सोडून देतात.
‘सोडून द्या’ हे बटणही मीच रंगवलेलं.
हिरवं.

मग भाच्याचा हात मोडला,
आणि मी डबा घेऊन सायन हॉस्पिटलात.
शेजारच्या खाटेवर सुमेध पगारे, वय नऊ, कोरबा मिठागर.
पाण्याच्या मोठ्या पाइपावरून पडलेला.
उजवा पाय टांगलेला, दोरीला विटेएवढं वजन.
अजून तीन आठवडे, त्याची आई म्हणाली,
पाठीला पावडर लावते, दुसरं काय.

त्याच्या हातात तडा गेलेला फोन, फोनमध्ये ती.
पातळी एकसष्ट.
अरे, हिची तर विसालाच...
‘विचारते ना. दर पातळीला विचारते, बदलू का?
बेचाळीस वेळा नको म्हटलंय मी.’
का रे?
‘मोठी झाली की नीट झोपत नाही ती.’

फोन त्याने उशीला टेकवला.
‘आता बोट नका लावू.’
आम्ही बघत बसलो, तो, त्याची आई, मी, प्लास्टरातला भाचा.
औषधांची गाडी खडखडत गेली.
ती कलली. उताणी झाली. पाय वर.

‘रात्री अशीच ठेवतो हिला.
माझा एकच पाय वर आहे.
उरलेलं ती बघते.’

मला राहवलं नाही. म्हटलं, ही मी काढलीय.
त्याने मला टाचेपासून केसांपर्यंत पाहिलं.
‘मग पाय लाल का केले?
आमच्या मिठागरात आहेत की.
पाय पिवळे असतात. लाल ते डोळ्यापुढे, एवढुसं.
आणि त्या अशा झोपतबिपत नाहीत हां,
रात्रभर बोंबलतात नुसत्या.’
मग जरा थांबून, माझी समजूत घातल्यासारखं,
‘पण तुमचीपण चालेल.’

सोमवारी पायांत पिवळा भरला.
केयूरने विचारलं, कुणाची तक्रार?
म्हटलं, हो, एका पेशंटची.
गगनटिट्टीला हात लावला नाही,
तिचं सोनं तिला लखलाभ.
फक्त विसाव्या पातळीवरची ती चौकट उघडली,
बदलू का? खाली दोन बटणं,
त्यातलं ‘नको’
आडव्या पडलेल्या पोराच्या अंगठ्याला पोचेल
इतकं खाली ओढलं, आणि थोडं मोठं केलं.