वळलेले साप

साप वळायचे पैसे मिळतात मला.
सरापिकी नदीच्या काठी, संशोधन केंद्राच्या पत्र्याखाली,
हाताला तेल लावून मऊ माती लांबवते,
नाताळात रोस्कियांसाठी मक्याचं पीठ लांबवते तशी.

निम्मे साप तपकिरी, बिनरेघांचे.
निम्म्यांना कडी : तांबडं, पिवळं, काळं, पिवळं,
पुन्हा तांबडं.
"क्रम चुकवू नका, एदुविहेसबाई,"
म्हणतो तो चष्मेवाला पोरगा,
जणू मी आयुष्यात कधी क्रम चुकवलाय.

तीन दिवसांनी जंगलातून ते वेचून आणायचे.
तपकिऱ्यांना चोचींची भोकं,
एकाचं तर डोकंच गायब.
कडीवाल्यांवर ओली पानं, एखादी मुंगी.
ओरखडासुद्धा नाही.
ज्याला आम्ही बावळा पक्षी म्हणतो,
घड्याळाच्या लंबकासारखी शेपटी हलवत बसणारा,
तो हे कुणाकडून शिकत नाही म्हणे.
अंड्यातूनच भीती घेऊन येतो.

गुरुवारी अबुंदियो आला. कोयत्यावर
दोन तुकडे लोंबत होते.
कोकोच्या झाडाखाली होती, म्हणाला. कोराल.
पोराने तुकडे उलटे केले, पोट पाहिलं,
काडीने जबडा उघडला.
बराच वेळ काही बोलला नाही.
"ही खोटी आहे. हिचं विष कुणाला लागलं नसतं."

अबुंदियोने कोयता गवताला पुसला.
"मग खरीसारखी कशाला नटली?"

उसन्या रंगावर तिने किती पावसाळे काढले असतील.
पाखरू तो रंग पाहून मागे सरतं.
माणूस पुढे येतो.

घरी आले. पायरीवर फ्लोरेन्सियोचे गमबूट.
तो जाऊन चार वर्षं झाली, तरी बाहेरच ठेवते,
वाटेवरच्या माणसाला वाटावं, घरात गडी आहे.
रात्री रेडिओवर फुटबॉल लावते, मोठ्याने.
मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

आज त्या बुटांसमोर जरा जास्तच उभी राहिले.
यांना पाहून कोण मागे सरलं
ते मला कधी दिसलेलं नाही.
पुढे कोण येईल, तेही नाही.

मग डबाभर पाणी आणलं.
बुटांवरचा चिखल वाळून झडायला लागला होता.
नवा लावला,
पार टाचेपर्यंत.