खोटं लाकूड

पहिले आणले ते लक्ष्मीपुरीतून.
साडेचारशेला एक खिडकी,
विकणाऱ्यानं रस्त्यावरच उलगडून दाखवलेले.
पहिल्या उन्हाळ्यात पट्ट्या केळीच्या सोपटासारख्या वळल्या,
दुसऱ्या उन्हाळ्यात दोरी हातात आली.
मग तिथूनच पुन्हा आणले.
हे मी कुणाला सांगत नाही.

खिडकी पश्चिमेची.
चार वाजले की रंकाळ्यावरून ऊन
न विचारता आत येतं,
आणि मोतीबिंदू काढल्यापासून मालन
तोंडावर पदर ओढून बसते,
स्वतःच्याच घरात, नव्या सुनेसारखी.

राजारामपुरीतल्या दुकानात
शिकलगारांच्या तौसिफनं एक पट्टी हातात दिली.
दोन इंच रुंद, सागवानी रंग, वर रेषाही काढलेल्या.
मी नखानं टिचकी मारली.
अडतीस वर्षं उद्यमनगरात पॅटर्न केले,
लाकूड मला आवाजावरून कळतं.
"हे लाकूड न्हाई."
"न्हाईच की काका," तो म्हणाला,
"मी कुठं व्हय म्हटलं?"

मागच्या बाजूला बादली होती.
गणपतीपासून पाण्यात पडलेली एक पट्टी
त्यानं काढली, बाहीला पुसली, काचेवर ठेवली.
मी एक डोळा मिटून धारेवरून बघितलं,
रंधा मारल्यावर बघतात तसं.
सरळ.
आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात
माझा सागसुद्धा इतका सरळ राहिला नसता.
एका खिडकीचे साडेसहा हजार.
कुणीच काही बोललं नाही.
मग त्यानं चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन आला.
वर मोजलं, मध्ये मोजलं, खाली मोजलं,
सगळ्यांत कमी भरलं ते लिहून घेतलं.
खाली चार मिलिमीटर कमी.
ही चौकट मी उभं राहून बसवून घेतली होती,
आणि इतकी वर्षं
चौकोनी समजत आलो.

रात्री डोळा लागेना.
खोट्या लाकडाला साडेसहा हजार!
मग कूस बदलताना वाटलं,
तू तरी जन्मभर काय केलंस?
लाकडाचे पंप, ज्यांतून कधी पाणी गेलं नाही.
लाकडाच्या पुली, ज्यांवर कधी पट्टा चढला नाही.
कोपऱ्यांना मेण, वरून लाल रंग,
वाळूत दाबायचे, अलगद उचलायचे,
आणि राहिलेल्या पोकळीत
खरं लोखंड उतरायचं.
थोडे मोठेच करायचे,
लोखंड निवताना आकसतं म्हणून.
अर्धा सूत चुकलं की शंभर नग भंगारात.
खोट्याचं माप खऱ्याहून चोख लागतं,
एवढं शिकलो.
पगारात ते कधी दिसलं नाही.

आता चार वाजता मालन स्वतः उठते,
दोरी जराशी ओढते,
आणि ऊन फरशीवर पट्ट्या-पट्ट्यांनी बसतं,
शाळेतल्या पोरांसारखं, ओळीत.
तिच्या मांडीवरच्या ताटात पावट्याच्या शेंगा,
एक शेंग उजेडात, एक सावलीत.
पदर खांद्यावर.

गळीत सुरू झालं की फडातल्या पाचटाची
काळी राख उडत येते, पट्ट्यांवर बसते.
ती ओल्या फडक्यानं एकेक पुसते,
माझ्या पॅटर्नवरची धूळ
पुसली नसेल कधी इतक्या मायेनं.
शेजारच्या सरनाईक वहिनींनी विचारलं,
"लाकडाचे काय हो?"
मालन शेंग सोलत म्हणाली,
"लाकडाचे न्हाईत. चांगले आहेत."

जुन्यातल्या दोन पट्ट्या मी टाकल्या नाहीत.
गच्चीवर मिरचीच्या रोपाला आधार दिलाय त्यांचा.
काल बघितलं,
रोप ताठ उभं आहे,
पट्ट्याच त्याच्यावर रेलल्यात.